ओरखडा नसलेला रणगाडा

शस्त्रांच्या प्रदर्शनात एका छोट्या देशाचा रणगाडा उभा होता. रंग इतका ताजा, की हात लावताना संकोच वाटावा. फौजेत माझी उमर रणगाडे दुरुस्त करण्यात गेली, म्हणून वाकून, हात लावून नीट पाहिलं. काम अस्सल होतं.

तेवढ्यात कुठल्याशा देशाचे पाहुणे आले. त्यांच्या जनरलने एवढंच विचारलं, "हा लढलाय कुठे?"

"नाही साहेब," त्या छोट्या देशाचा अधिकारी ओशाळून म्हणाला, "आमच्याकडे युद्धच झालं नाही."

पाहुणे समोरच्या बड्या देशाच्या मांडवात गेले. तिथल्या रणगाड्यावरचे गोळ्यांचे ओरखडे रंगाने न झाकता मुद्दाम तसेच ठेवले होते. मागच्या पडद्यावर एक गाव जळत होतं, आणि माणसं त्या ओरखड्यांवरून कौतुकाने बोटं फिरवत होती. आपण मडकं वाजवून घेतो, तसे हे लोक रणगाडा घेतात. फक्त वाजवायला दुसऱ्याचं गाव लागतं.

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "युद्ध झालं नाही, हे चांगलंच की!"

"घरी चांगलं आहे," तो म्हणाला, "इथे नाही."

आणि रणगाड्यावर उमटलेले माझ्या बोटांचे ठसे तो रुमालाने पुसू लागला.