भामरे सरांनी पुन्हा मोजलेला माळ

भामरे सरांना मी प्रथम भेटले ती धुळ्याच्या महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागात, आणि पहिल्याच भेटीत मला त्यांचा संशय आला. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण खोटं सरांनाच खपणार नाही. मी मुक्ताईनगरकडची, केळी पिकवणाऱ्या घरातली. गोड बोलणाऱ्यापासून चार हात दूर राहायचं, हे आम्हाला व्यापाऱ्यांनी शिकवलेलं. आणि सर फारच गोड बोलत.

शिकवत मात्र सुरेख. माळावर वनस्पतींच्या किती जाती आहेत, एवढं मोजून भागत नाही, हे त्यांनी डोक्यात पक्कं बसवलं. दहा जातींची गवतं म्हणजे एकाच भावकीतली दहा घरं. सहाच जाती असल्या, पण वेगवेगळ्या कुळांतल्या आणि पाणी साठवणं, सावली धरणं अशी वेगवेगळी कामं करणाऱ्या, तर तो माळ जास्त श्रीमंत. कामाचा अंदाज पानांच्या आकारावरून, जाडीवरून यायचा.

दोंडाईचाजवळच्या एका माळावर सरांनी तरुणपणी अशी मोजणी केली होती. त्यांचं नाव झालं ते त्या लेखामुळे. पीएच.डी.साठी मी तोच माळ मोजला, तर माझी पानं सरांच्या आकड्यांपेक्षा सरसकट मोठी निघाली. दोघांपैकी एकाचं चुकलं होतं. सरांनी माझी वही ठेवून घेतली, कपाटाला कुलूप लावलं. चार वर्षांची मेहनत आता दडपली जाणार, अशी माझी खात्रीच झाली. वही देण्याआधी मी तिची झेरॉक्स काढली होती, तेवढाच आधार.

दोन महिने सर चकार शब्द बोलले नाहीत. शेवटी मी प्रयोगशाळेतल्या नानांना विचारलं.

"सर दर रविवारले दोंडाईचाले जातस," ते म्हणाले. "वला फडका लई जातस संगे." ओलं फडकं सोबत कशाला न्यायचं, ते मला कळेना.

पुढच्याच सोमवारी सरांनी बोलावून एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. तरुणपणी सर पानं कापडी पिशवीत घालून एसटीने धुळ्याला आणत आणि मग मोजत. वाटेत ती सुकून आक्रसत. मी माळावरच मोजली होती. आता सरांनी काही पानं पूर्वीसारखी आणली, काही ओल्या फडक्यात, आणि फरक ताडून पाहिला. पत्र त्यांचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला होतं: 'माझे आकडे चुकीचे, विद्यार्थिनीचे बरोबर.' खाली माझं पूर्ण नाव.

"वहीची झेरॉक्स काढलीस ना?" सरांनी विचारलं. मी मान खाली घातली. "बरं केलंस. माझं नाव पणाला लागलं होतं. अशा वेळी माणसाचा काय भरवसा?"

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मी अजूनही कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. सर, तुमच्यावर ठेवायला मात्र फार उशीर केला. त्याची माफी आज सगळ्यांसमोर मागते.