ओढ्याकाठचे कडुलिंब

नगरला आमच्या गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या काठी, एक पडीक जागा होती. साऱ्या गल्लीचा कचरा, फुटकी कौलं, मेलेली कुत्री तिथं जायची. लग्न होऊन मी आले तेव्हा नाकाला पदर लावूनच तिथून जावं लागे.

शेजारचे चाचा कंपाउंडर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी चाची गेल्या. मग चाचा रोज सकाळी फावडं घेऊन त्या कचऱ्यात उतरू लागले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी विचारलं तर म्हणाले, "घरात बसवत नाही, बेटी. इथं निदान हात चालतात."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. हळूहळू गल्लीतल्या चारदोन बायका आल्या. कचरा उपसला, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, कडुलिंब, करंज, उंबर लावले. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कडुलिंब माझ्या डोक्याला लागले. गवतात मुनिया पाखरं उतरू लागली. संध्याकाळी बायका तिथं बसून तांदूळ निवडायच्या. मुंगसाची पिल्लं दाखवायला चाचा ओठांवर बोट ठेवून आम्हाला न्यायचे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. नळाला दिवसेंदिवस पाणी नसे. आम्ही भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालायचो, चाचा नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी परातीत धरून आणायचे. तरी करंज गेले, उंबर गेला. कडुलिंब तेवढे तगले.

उन्हाळ्यात पाथर्डीकडचं एक जोडपं कोरड्या ओढ्यात येऊन राहिलं. नवरा खडी फोडायला जायचा, बाई गायीपाशी बसून असायची. गाय म्हणजे नुसता सापळा. एक दिवस चाचा आणि मी झाडांपाशी असताना बाई कुंपणापाशी आली.

"बाबा, थोडा पाला द्या की. कालपासनं गायीच्या पोटात कायबी न्हाई."

मी म्हणाले, "अहो, एवढीच झाडं राहिलीत. फार कष्टानं जगवलीत."

"व्हय ताई, दिसतंय मला. पर हिलाबी लई कष्टानं जगवलीय."

चाचांनी घरून कोयता आणला आणि स्वतःच फांद्या उतरवून दिल्या. आठवड्यात नुसते बुंधे उरले. आणि एका सकाळी गाय उठलीच नाही. बाई तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती. रडतही नव्हती.

ते जोडपं कुठं गेलं, कळलं नाही. बुंधे कुणी सरपणाला नेले, कुंपणही गेलं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. मी चाचांना म्हटलं, "रोपं आणू या का?"

"नको बेटी. पुन्हा मरताना बघवणार नाही."

ते त्या बाजूला परत कधी गेले नाहीत. थंडीत तेही वारले.

त्यानंतर एकदा मी एकटीच तिथं जाऊन उभी राहिले होते. आमच्याबरोबर रोपं लावणारी एक शेजारीण टोपलं घेऊन आली आणि माझ्यासमोरच तिनं कचरा ओतला.

"आता काय राहिलंय इथं?" ती म्हणाली. रागानं नव्हे, सहजच.

मी तिच्याबरोबरच घरी आले.