भाऊबीजेच्या भज्यांत काय होतं

प्रश्न असा आहे: घरात क्राफ्ट बिअर उरली आहे, ती घरात कुणालाच आवडत नाही, तर तिचं काय करावं?

प्रश्न साधा आहे आणि तो मी साधेपणानंच मांडते आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना माझा नियम होता की, प्रश्न फळ्यावर नीट लिहून झाल्याशिवाय उत्तराकडे वळायचं नाही. उत्तर माझ्याजवळ आहे, एका ओळीचं आहे, आणि ते मी शेवटी देईन. पण त्या उत्तराकडे जाण्याच्या वाटेत एक गोष्ट आडवी पडली आहे — आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या यजमानांना ती ठाऊक आहे, पण मी सांगितली म्हणून नव्हे. ते तेव्हा समोर बसले होते.

सहा दिवाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. यजमान भिलाईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झाले, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि आम्ही गावातल्या कोहका भागात स्वतःच्या घरात राहायला आलो, त्यानंतरची. मुलगा बंगलोरहून आला होता. कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून त्यानं बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या — लहान कारखान्यात, थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेली, लेबलावर पक्ष्याचं चित्र. पाडव्याला सकाळी तो परत गेला आणि जाताना म्हणाला, "आई, चार बाटल्या राहिल्या आहेत. पप्पांना दे. फेकू नको हं, मुश्किलसे मिलती है."

यजमानांनी एक उघडली. दोन घोट घेतले. मग बाटली दूर धरून लेबल वाचलं.

"पोरानं चिरायत्याचा काढा आणला वाटते," ते म्हणाले. "हे लोकं हौसेनं पेतात?"

मी हुंगून पाहिली. संत्र्याच्या सालीचा वास, ओल्या गवताचा वास, आणि मागून कडू — कडुनिंबाच्या काडीसारखं काहीतरी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारं. हा वास लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

सरळ मोरीत का ओतली नाही, असं तुम्ही विचाराल. प्रयोगशाळेत मी मुलांना सांगत असे की, उरलेलं द्रव्य विचार न करता मोरीत टाकायचं नाही, आधी त्याचा उपयोग शोधायचा. ती सवय हाडात गेली होती. मी मोबाइलवर वाचलं. झाडांना घाला, म्हणे. कढीपत्त्याच्या कुंडीत वाटीभर घातली. संध्याकाळपर्यंत कुंडीला मुंग्यांची रांग लागली. केस धुवायला वापरा, म्हणे. धुतले. दुपारी जरा पडले, तर उशीलाही वास लागला. यजमान म्हणाले, "मास्तरीणबाई, आता हिशोबानं घराबाहेर पडा. मोहल्ल्यात नाव होईन."

तिसरा उपाय होता भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी बिअर घालण्याचा. तिच्यातल्या बुडबुड्यांनी भजी हलकी आणि कुरकुरीत होतात, असं लिहिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती.

इथे मला थोडं थांबून माझ्या भावाविषयी सांगायला हवं.

दिगंबर — दिगू — माझ्याहून सात वर्षांनी लहान. भिलाई-३ ला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये दुरुस्तीचं काम करतो. तो प्यायचा. किती आणि कसा, ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना लिहून दाखवण्याची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना लिहूनही कळणार नाही. त्याला दारू सोडायला लावली ती मी. हात धरून, धाक घालून, कधी दार लावून घेऊन. सिविक सेंटरजवळच्या एका खोलीत दर शनिवारी संध्याकाळी दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात, तिथे पहिल्यांदा त्याला मीच नेऊन बसवलं. ज्या भाऊबीजेविषयी मी लिहिते आहे, तेव्हा त्याला सोडून नऊ वर्षं होत आली होती. त्या खोलीची चावी तोवर त्याच्याकडे आली होती. तो सगळ्यांच्या आधी जायचा, दार उघडायचा, सतरंजी घालायचा, चहा ठेवायचा, आणि नवा माणूस आला की त्याच्या शेजारी बसायचा. त्या चावीला त्यानं लाल दोरा बांधला होता. ती तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा आणि बोलता बोलता खिशावर हात ठेवायचा. त्याला आयुष्यात यापूर्वी कुणी कशाची चावी विश्वासानं दिली नव्हती.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही मी त्या दुपारी बेसनात बाटली ओतली.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, ते प्रामाणिकपणे सांगते. मनात एक आकडा होता: अठ्ठ्याहत्तर. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतं. तळणीचं तेल त्याच्या दुपटीहून तापलेलं असतं. म्हणजे भज्यात काही उरणार नाही. इतकं सरळ! पण मीच मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की, मिश्रणातून एखादा पदार्थ असा चटकन, पुरता वेगळा होत नाही. ऊर्ध्वपातनाचा प्रयोग करताना मुलं कंटाळायची, इतका वेळ लागायचा. भजं तर कढईत तीन मिनिटं असतं, आणि आतून ते ओलंच राहतं. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. मग तेवढाच आकडा का आठवला? आणि समजा, अगदी काहीच उरत नसतं — तरी ज्यानं नऊ वर्षं या वस्तूला हात लावला नाही, त्याच्या ताटात ती त्याला न विचारता घालायचा अधिकार मला कुणी दिला होता?

मी त्याला ओवाळलं. औक्ष मागितलं. मग पाटावरून उठवून टेबलाशी बसवलं आणि गरम भजी वाढली.

"ताई, आज भजे काय जमले वो!" दिगू म्हणाला. "कसे कुरुमकुरुम! दाजी, तुमाले रोज असेच भेटतात का?"

"रोज?" यजमान म्हणाले. "मले रोज लौकीची भाजीच भेटते. तू येतो म्हणून कढई चढते घरात."

दिगू हसला. त्यानं दुसरं खाल्लं. तिसरं अर्धं खाल्लं — आणि त्याचं चावणं थांबलं. मी पाहिलं. उरलेलं अर्धं भजं त्यानं नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी गणित अडलं की बघायचा, तसं.

"ताई, यात काही टाकलं का तू?"

"सोडा टाकला."

"सोड्याचा नाई हा वास." तो आणखी हळू बोलला. "मले दुसराच वास येऊन राहिला."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते पाण्याचा तांब्या भरायला उठले. तांब्या भरलेला होता.

उत्तर द्यायला मला किती वेळ होता? पुरेसा होता. "हो दिगू, चूक झाली, थुंकून टाक" — एवढंच म्हणायचं होतं. तो उठला असता, चूळ भरली असती, कदाचित माझ्यावर ओरडला असता. ओरडू दिलं असतं. पण ज्या भावाला मी नऊ वर्षं शुद्धीचे धडे दिले, त्याच्यासमोर मी — चुकलेली? हे माझ्या तोंडून निघेना.

"त्यात काही नाही," मी म्हणाले. "तुझ्या मनात आहे ते."

आम्ही भावंडं घरात आमच्या नागपुरी बोलीत बोलतो. हे वाक्य मात्र मी शाळेच्या भाषेत बोलले. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला खाली बसवताना जो आवाज लावत असे, तो आवाज. त्या आवाजापुढे कधी कुणी दुसऱ्यांदा हात वर केला नव्हता.

दिगूनं अर्धं भजं ताटाच्या कडेला ठेवलं.

"असंन," तो म्हणाला. आणि पाणी प्याला.

तो गेल्यावर यजमान म्हणाले, "सांग त्याले."

"आता सांगून त्याले उगाच धक्का बसंन," मी म्हटलं. "काही झालं तर नाही ना?"

त्याविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत. पाच वर्षांत एकदाही नाही.

काही झालं नाही, असं मी दहा-बारा दिवस मानलं. मग एका रविवारी सकाळी दिगू आला. मोटरसायकल लावून आत आला, बसला, आणि त्याचा हात खिशावर गेला आणि तिथून परत आला. खिसा सपाट होता.

"चाबी देऊन देली मी, ताई."

"कावून?"

"त्या दिवशी तुह्याकडे मले वास आला ना. नसलेला." तो फरशीकडे बघत होता. "आमच्यात सांगतात, दारू मनात परतून येते तर आधी वासानं येते. मी सगळ्याइले सांगून देलं. कोणी म्हनलं नाई चाबी दे म्हणून. मीच देली. ज्याच्या नाकाचाच भरोसा नाई, त्यानं नव्या मान्साच्या बाजूले बसून काय सांगाव?"

इथे दुसरी संधी होती. पहिली घाबरून गमावली असं म्हणता येईल. ही दुसरी मी सावकाश, पूर्ण शुद्धीत गमावली. मी उठले. चहा ठेवला. त्यात आलं किसलं. आल्याच्या वासानं सगळं स्वयंपाकघर भरलं आणि मी कप त्याच्या हातात देऊन म्हणाले, "होईन बरं हळूहळू."

काय बरं होणार होतं? तो आजारी नव्हताच.

तो पुन्हा प्यायला लागला नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. ते श्रेय माझं नाही, त्याचं आहे. शनिवारी तो अजूनही जातो, पण मागे, दाराजवळ बसतो. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी त्यानं मला हसत हसत सांगितली. शेडमध्ये दिगूचं नाक प्रसिद्ध होतं. इंजिनाच्या मोटरमध्ये आत कुठे तार जळायला लागली की ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. आता तो शेजारच्याला विचारतो, "तुले जळल्याचा वास येऊन राहिला का रे, का मलेच?" पोरं चेष्टा करतात, म्हणे — डोकरा झाला. मीही त्याच्याबरोबर हसले. हो, हसले.

दर भाऊबीजेला तो येतो. भजी घेत नाही. ताटातली प्रत्येक वस्तू आधी हुंगतो आणि मी बघते आहे हे लक्षात आलं की ओशाळतो. "सवय लागली वो ताई. माहं नाक खराब आहे." मी ओवाळते. औक्ष मागते.

गेल्या दिवाळीत मुलानं पुन्हा तसल्याच बाटल्या आणल्या. या वेळी मी जे करायला हवं होतं ते पाच वर्षं उशिरा केलं: तपासून पाहिलं. दोन भांड्यांत सारखं बेसन, सारखं मीठ, सारखा ओवा. एकात पाणी आणि सोडा, दुसऱ्यात बिअर. एकाच तेलात, सारखा वेळ. यजमानांना सांगितलं, मी डोळे मिटते, तुम्ही क्रम बदलून एकेक भजं हातात द्या. त्यांनी काही न विचारता दिलं. सात वेळा. सातही वेळा मी बरोबर ओळखलं — संत्र्याची साल, ओलं गवत, मागून कडू. अल्कोहोल किती उरतं हे मोजायचं साधन माझ्या घरात नाही, म्हणून त्याविषयी आकडा देत नाही. पण वास उरतो, आणि ज्या बाईनं आयुष्यात दारू चाखली नव्हती तिलाही तो कळतो. मग ज्याला तो वास जन्मभर ओळखीचा आहे, त्याला कळणार नव्हता?

सातव्या भज्यानंतर मी डोळे उघडले तेव्हा यजमान माझ्याकडे बघत नव्हते. ते ताट घेऊन मोरीकडे गेले.

आता उत्तर. उरलेली, न आवडलेली क्राफ्ट बिअर मोरीत ओतावी आणि वरून पाणी सोडावं. इतकंच. उपयोग शोधत बसू नये. आणि ताटावरून कुणी विचारलं, यात काय आहे, तर त्यात जे आहे ते सांगावं.

हा कागद तुमच्याआधी दिगूच्या हातात जाईल. यंदाच्या भाऊबीजेची वाट मी पाहणार नाही. तो या रविवारी येतो आहे. मला भीती वाटते ती त्याच्या रागाची नाही. मी त्याला ओळखते — तो वाचेल, घडी घालेल आणि म्हणेल, ताई, माह्या मनासाठी लिहिलं तू हे. माझा खोटा शब्द त्यानं इतका खरा धरला आहे की आता खरा शब्द त्याला माया वाटेल. आणि ज्या एका माणसाला हे तपासून पाहण्याचा खरा हक्क आहे, त्यालाच ते तपासता येणार नाही. त्यासाठी त्याला तेच भजं पुन्हा तोंडात घालावं लागेल.

म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या घरात कुणाला याचं पथ्य नसेल, तर दोन घाणे काढा — एक सोड्याचा, एक बिअरचा. डोळे मिटा, दुसऱ्या कुणाला तरी भजं हातात द्यायला सांगा, आणि वास येतो की नाही, हे स्वतः तपासून पाहा.