‘प्रेरणादायी’ नको, ‘घरकाम’ लिहा

टाकवे बुद्रुकच्या बिस्मिल्ला मुलाणीचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. पेंढा सारताना बाही ओढली गेली आणि व्हायचं ते होऊन गेलं. दवाखान्यातून ती घरी आली, तेव्हापासून तिला कुणी कशाला हात लावू देईना. जाऊ भाकऱ्या थापून आणायची, शेजारीण धुणं उचलून न्यायची. नवऱ्याचं, दस्तगीरचं, गावात पंक्चर काढायचं दुकान. तो गिऱ्हाईक ताटकळत ठेवून चहा करायला घरी यायचा. सगळे मायेनं करत होते, पण बिस्मिल्लाचा जीव त्या मायेत गुदमरायला लागला.

“बसल्या जागी खा की. कुणी काय म्हनतंय का तुला?” दस्तगीर म्हणाला.

“त्येच तर. कुणी काय म्हनत न्हाई.”

एके दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं परात ओढली. तांदळाच्या पिठाची उकड डाव्या हातानं मळता मळता परात घरभर फिरली. भाकरी काही झाली नाही. पण थापायला एकच हात लागतो, दुसरा असतो तो फक्त परात धरायला, हे मात्र तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी तिनं परातीखाली ओलं फडकं घातलं. परात जागची हलली नाही.

तिथून तिला नादच लागला. कांद्याला सुरी घेतली की दोन हात लागतात. विळीला एक हात आणि एक पाय पुरतो. पिळायचं कापड नळाला वेढा देऊन पिळता येतं. साडीच्या निऱ्या खिळ्याला अडकवून घालता येतात. यातलं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर सापडले ते परदेशातले गुळगुळीत ओटे आणि आपल्याकडं न मिळणारी यंत्रं. विळी आणि परात घेऊन बसणाऱ्या बाईसाठी मराठीत कुणी काही लिहिलेलं तिला दिसलं नाही.

मग तिनंच लिहायला घेतलं. दहावीपर्यंत शिकलेली, वाचनाची आवड होतीच. ‘डावा हात’ नावाचा ब्लॉग उघडला. डाव्या अंगठ्यानं टाईप करायला वेळ लागायचा, म्हणून ती फोनशी बोलायची आणि फोन लिहून घ्यायचा. वाचणारा मात्र एकटा दस्तगीर.

दुसऱ्या एका ब्लॉगच्या कडेला तिनं ‘पाणवठा’ हे नाव पाहिलं. मराठी ब्लॉगांची ती सूची होती. चार-पाच माणसं हौसेनं ती चालवत आणि प्रत्येक ब्लॉग वाचून मगच आत घेत. आत गेलं की शोधणाऱ्याला सापडायची सोय. बिस्मिल्लानं ब्लॉगचा पत्ता पाठवून दिला.

उत्तर नाही म्हणून आलं. रेणुका नावाच्या बाईंनी सभ्य भाषेत लिहिलं होतं: विषय चांगला आहे, पण कुठंच पूर्णविराम नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी अर्थ लागत नाही.

बिस्मिल्लानं आपलंच लिखाण पहिल्यांदा नीट वाचलं आणि तिला हसू आवरेना. फोननं ‘विळी’चं ‘वेळी’ केलं होतं आणि ‘परात’चं ‘परत’. ‘वेळीवर बसून कांदा चिरा, परत हलू देऊ नका,’ असं काहीबाही झालं होतं.

“ह्ये तुमी वाचत व्हता, मग सांगितलं का न्हाई?” तिनं दस्तगीरला विचारलं.

“मला वाटलं, ल्ह्यायची पद्धतच आसंल तशी.”

त्या पावसाळ्यात तिनं एकेक लेख मोठ्यानं वाचून दुरुस्त केला. श्वास घ्यायला थांबेल तिथं पूर्णविराम दिला. आपली बोली मात्र बदलली नाही; ‘लय’ होतं तिथं ‘लय’च ठेवलं. आणि पुन्हा पाठवून दिलं.

या खेपेला रेणुकाबाईंचा फोनच आला. “बिस्मिल्लाताई, आम्हा सगळ्यांना फार आवडलं. ‘प्रेरणादायी जीवनकथा’ या विभागात आम्ही तुम्हाला सगळ्यात वर ठेवतोय. फक्त अपघाताची हकीकत सुरुवातीला लिहा आणि तुमचा एक फोटो द्या. हात दिसेल असा.”

बिस्मिल्ला म्हणाली, “ताई, त्यो विभाग नको. घरकामाचा हाय ना तुमच्याकडं? त्येच्यात टाका.”

“पण तिथं तुम्ही झाकून जाल. घरकामात शेकडो ब्लॉग आहेत. इथं लोक तुमच्याकडं बघतील.”

“बघून काय करत्याल? ज्या बाईला सांजच्याला भाकरी थापायचीय, ती घरकामातच शोधंल. दुसऱ्याचं दुःख वाचायला तिला येळ कुटला? आन् हाताचं म्हनाल, तर त्यो गेला. त्येच्यात ल्ह्यायासारखं काय न्हाई.”

“मला बाकीच्यांना विचारावं लागेल,” रेणुकाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर दस्तगीर चिडला. “अगं, वर ठिवत व्हते तुला. आता घेतलंच न्हाई तर?”

“न्हाई घेतलं तर न्हाई. पर माझ्या भाकरीची कुणाला कीव यायला नको.”

एवढं बोलली खरी, पण पुढचे काही दिवस फोन वाजला की ती पिठाच्या हातानंच तो उचलायची. अखेर निरोप आला. ‘डावा हात’ घरकामात घेतला होता. खाली ओळख म्हणून तिनंच सुचवलेलं वाक्य होतं: एका हातानं घर चालवणाऱ्यांसाठी. दस्तगीरनं दुकानात येईल त्याला ते उघडून दाखवलं.

ब्लॉगवरचा नंबर बघून पहिला फोन आला तो बेडशाहून. कुठल्या लांबच्या गावाहून कुणी विचारील असं बिस्मिल्लाला वाटलं होतं, आणि हे तर मावळातलंच गाव. सविता नावाची सून बोलत होती. तिच्या सासूला, लीलाबाईंना, लकवा झालेला. उजवी बाजू गेलेली. भरवायला गेलं की तोंड फिरवायच्या.

“मावशी, तुमचं लिवलेलं वाचून दाखवलं तर म्हनत्यात, ह्या बाईला हितं आना. खरं का खोटं बघू दे मला.”

दस्तगीरनं दुकान बंद करून तिला मोटरसायकलवर नेलं. लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बिस्मिल्लाचा तुटका हात पाहिला, मग धडका हात पाहिला आणि म्हणाल्या, “थाप.”

बिस्मिल्लानं फडकं ओलं केलं, परात ठेवली आणि भाकरी थापली. लीलाबाई टक लावून बघत राहिल्या. “आता मी,” त्या म्हणाल्या.

सविता पुढं झाली, तशी बिस्मिल्लानं डोळ्यांनीच तिला थांबवलं. डाव्या हाताला सवय नव्हती. भाकरी एकीकडं जाड झाली, कडेला फाटली आणि तव्यावर टाकताना दुमडली. ती भाजून झाली, तशी लीलाबाईंनी ताटली पुढं ओढून घेतली.

“मला द्या की आत्या थोडी,” सविता म्हणाली.

“तू तुझी थाप,” लीलाबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं तुकडा मोडून खाऊ लागल्या.