शाळेच्या भिंतीवरची पृथ्वी

हातात ब्रश आला की तोंड सुरू, म्हणून त्या रंगाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत. बायको गेली आणि रेडिओ बंद पडला. तो रडला नाही, कामाला खाडा केला नाही. ताट समोर आलं तर जेवायचा, नाही आलं तर त्याच्या लक्षातही यायचं नाही. "बाबा, एकदा मोकळेपणी रडून घ्या," लेक म्हणायची. बाजारातून काही आणायला सांगावं तशी तो मान हलवायचा.

शाळेच्या भिंतीवर ग्रहमाला काढायचं काम त्याला मिळालं. विज्ञानाच्या बाई बघायला आल्या.

"छान झालंय," त्या म्हणाल्या, "पण अंतरं सगळी खोटी. सूर्य फुटबॉलएवढा धरला, तर पृथ्वी मोहरीएवढी. तीही इथे नाही, त्या फाटकापाशी."

"आणि पुढचा तारा?"

"हजारो किलोमीटरवर. समुद्रापलीकडे."

"मधे काय?"

"जवळजवळ काहीच नाही."

एरवी यावर त्याने तासभर टकळी चालवली असती. आता त्याला ना भीती वाटली, ना नवल. असेल, एवढंच वाटलं.

"तिथून उजेड पोचायला चार वर्षांच्या वर लागतात," बाई म्हणाल्या. "आज तिथून कुणी बघितलं, तर आपण चार वर्षांपूर्वीचे दिसू."

त्याचा हात थांबला. "माणसं दिसतील?"

बाईंना त्याच्या घरचं ठाऊक होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाही हो. एवढ्या लांबून कशी दिसतील?"

दुपारभर तो शनीची कडी रंगवत राहिला. चार वर्षांपूर्वी बायको काय करत होती, काही केल्या आठवेना. घरी जेवताना त्याने लेकीला विचारलं.

"शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलं होतं ना," ती म्हणाली. "आई रोज जाऊन त्या दुकानदाराचं डोकं खायची. शेवटी तो हिला लांबून बघितलं की शटरच ओढायचा."

बोलता बोलता लेक हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यालाही काही होतंय का, म्हणून जरा वाट पाहिली. काही झालं नाही.

"मग?" त्याने विचारलं. "मशीन दिलं का नीट करून?"

लेकीने डोळे पुसले आणि सांगायला लागली. ऐकताना त्याने ताट पुढे केलं. तिने आणखी भात वाढला.