बादलचे केस

घणसोलीच्या खाडीवर उतरलेलं सामान नावड्याच्या कॅम्पवर पोचवायचं, एवढंच आमच्या तुकडीचं त्या मे महिन्यातलं काम. बारा खेचरं, एक घोडा, चौदा माणसं. सकाळी साडेपाचला मालिश, सहाला दाणा, सातला खोगीर. मी लान्स नाईक म्हात्रे, राहणार घणसोली. फौजेत जाऊन पोस्टिंग मिळालं ते घराच्या दारात, म्हणून सगळे मला घरजावई म्हणत.

घोडा चुकून आला होता. यादीत तेरावं खेचर लिहिलेलं, वॅगनमधून उतरला हा. हिमालयाकडचा, बुटका, राखाडी. नाव बादल. पोटाखाली वीतभर केस लोंबायचे. थंडी संपली की ते गळतात. याचे गळलेच नाहीत. पहाटे मिठागरांवर वाफ धरायची, मिठाच्या राशी अर्ध्या दिसायच्या, अर्ध्या नाही. बादल कान टवकारून त्यांच्याकडे बघत राहायचा. बर्फच वाटत असेल त्याला. त्याचा लगाम धरून चालताना मलाही वाटायचं, आपण आपल्या गावात नाही, याच्या कुठल्यातरी स्वप्नात चालतोय.

मिठागरावर टोपल्या वाहणारी माझी आत्या त्याला बघून थबकली. "आरं, यो घोरा हाय का आस्वल? याला गोधडी कोनी शिवली रं?"

हसलो. पण सुभेदार साहेबांनी त्याच संध्याकाळी विचारलं, "म्हात्रे, कोर्स तू केलायस. याला कातरायचं की नाही?"

जनावरं सांभाळण्याच्या सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये मिळालेलं माहितीपत्रक मला पाठ होतं. मी ताठ उभा राहून म्हणून दाखवलं, "उन्हाळ्यात कातरू नये साहेब. केस ऊन अडवतात, माशा अडवतात. कातरण्याचा सीझन फेब्रुवारीअखेर संपतो."

"आन् घामाचं काय?" बादलचा ड्रायव्हर धोंडिबा मागून बोलला. आमच्यात खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. माणदेशातला धनगर. बापाची लोकर कातरायची कातर किटमध्ये घेऊन फिरायचा. "म्हात्रं, आत हात घाल. सांज झाली तरी केसांचं बूड वलं हाय. ऊन अडतंय खरं, पर आतली धग भाईर कुठनं जायची?"

"ही मेंढी नाही, धोंडिबा."

"व्हय. मेंढीला आमी वेळेवर भादरतो."

सगळे हसले. मला ते झोंबलं. मी माहितीपत्रक उघडून ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी वाचलं, मान हलवली. बादल तसाच राहिला. आत हात मी घातला नाही.

पाच दिवसांनी, सकाळी अकरा वीसला, महापेच्या अलीकडे बादल थांबला. पाठीवर बॅटऱ्यांच्या दोन पेट्या. वारा पडलेला. रस्ता पाण्यासारखा हलत होता. धोंडिबाने पेट्या उतरवल्या, मानेखाली हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"घाम थांबला. कोरडा हाय."

आता मी हात घातला. चुलीजवळचा दगड.

साहेब नावड्याला होते. तुकडी माझ्या ताब्यात. मी वायरलेस सेट उघडला. "घोडा थांबलाय. उष्णता. कातरायची परवानगी हवी. ओव्हर."

कॅम्पवरून उत्तर आलं, "सीझन बंद आहे. व्हेट साहेबांना विचारतो. थांबा. ओव्हर."

"थांबतो. आउट."

धोंडिबाने कातर काढली. "चार्ज माझ्यावर लाव. मी सुरू करतो."

"परवानगी येऊ दे."

"म्हात्रं, त्यो वाचत न्हाई तुझा कागद."

मी घड्याळ बघत राहिलो. वीस मिनिटं. शेतावरच्या बायकांनी न सांगता हंडे आणले, आम्ही पाणी ओतलं; ते वरवरून ओघळलं, कातडीपर्यंत पोचेचना. अकरा चाळीसला मी म्हणालो, "काप."

कातर चालू लागली. राखाडी केसांचे पुंजके जमिनीवर पडत होते, हलके, आवाज न करता. डावी बाजू झाली. तिथे ओतलेलं पाणी कातडीला लागलं, तसा बादलने लांब श्वास सोडला आणि डोळे अर्धे मिटले. क्षणभर वाटलं, जमलं. मग त्याचे पुढचे पाय दुमडले. बारा वाजून पाच मिनिटं.

बारा पस्तीसला सेट बोलला. "कातरायला हरकत नाही. ओव्हर."

"गरज नाही. आउट."

मी फौज सोडली. आता सव्वीस वर्षांचा आहे आणि पनवेलच्या टांगा स्टँडवर स्वतः छापलेली पत्रकं वाटतो. लोक म्हणतात, पुन्हा पत्रकच? हो. पण माझ्या पत्रकात एकच ओळ आहे: काम संपल्यावर तासाभराने घोड्याच्या केसांत बोटं घाला, बूड ओलं असेल तर महिना बघू नका, कातरा. 'उन्हाळ्यात कातरू नये' असं छापणारे अजून छापतायत. केस पातळ असतील तर बरोबर आहे त्यांचं. पण न तपासता सगळ्यांना एकच नियम लावणाऱ्यांची मला चीड येते, आणि त्यांत पहिला मी.

मेलेल्या जनावराचा पुरावा म्हणून नंबर डागलेला खूर कापून पाठवावा लागतो. त्या दिवशी ते काम धोंडिबाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मीच केलं. पुढचा डावा खूर, नंबर दोनशे बारा. बाकीचा बादल महापेच्या बांधाला पुरलाय, वयाच्या सातव्या वर्षी. खड्ड्यात ठेवताना धोंडिबाने त्याला कातरलेल्या कुशीवर वळवलं आणि केसांची बाजू वर ठेवली. म्हणाला, "वळखू येऊ दे म्होरं गेलेल्या त्याच्या मानसांना."

मग टोपी काढून आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो.