खाली म्हणजे चालू

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, म्हणजे माझ्या नवऱ्याला. ते गेले ते न ऐकताच गेले. मुलीला नाही. देवापुढं बसते ना, तेव्हासुद्धा मन या गोष्टीजवळ आलं की मी उठते आणि उगाच दिव्यात तेल घालते. आता या कागदावर तुम्हाला सांगून राहिले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तर जमेल असं वाटते. बसा जरा. मला आडून आडून बोलायची सवय आहे. पण येते मी त्या गोष्टीवर, चुकवत नाही.

आधी डोमाभाऊंचं सांगू द्या. त्यांच्याशिवाय माझं काहीच सांगता येत नाही.

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. घरचे वारले तेव्हा मला वाटलं, संपलं. बाईच्या हातात कोण आपली गाडी देते? ट्रकवाले यायचे, विचारायचे, मिस्त्री कुठं आहे? मी म्हणायची, मीच. तर ते माझ्या मागं बघायचे, पडद्याआड कोणी बसलं आहे का म्हणून. तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटरचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर डोमाभाऊ. घरच्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. शटर वर करून, झाडू मारून, बाहेरच्या बाकावर बसलेले. मला म्हणाले, "वहिनी, दुकान बंद ठेवाचं नाही जी."

तेव्हापासून तो बाक त्यांचा. रायपूरकडून येणारा, नागपूरकडून येणारा, अर्धे ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचे. गाडी थांबली की ते बसल्या जागेवरून सांगायचे, "दे गा बिनधास्त. वहिनीचा हात चुकत नाही." या एका वाक्यावर माझं दुकान चाललं. मुलगी नर्स झाली ती यावर. आज मी ताठ मानेनं बाजारात जाते तीही यावर. माणसानं माणसाला याहून जास्त काय द्यावं?

आणि मी त्यांना काय दिलं होतं?

थांबा. येते.

मी चौथी शिकलेली. वायरिंग मला कोणी शिकवली नाही. घरचे गाडीखाली शिरले की टॉर्च धरायला मला बोलवायचे. टॉर्च धरता धरता हात वायरीकडे कधी गेला, मलाच कळलं नाही. लाल कुठून येते, काळी कुठं जाते, रिलेची डबी टिक करते म्हणजे ती काय म्हणते, सगळं पाहून पाहून आलं. सासू म्हणायची, बायांच्या हाताला पिठाचा वास यावा, हिच्या हाताला जळल्या रबराचा येते. पुढं घरच्यांना मोतीबिंदू झाला, बारीक काम माझ्याकडे आलं. पण नाव त्यांचंच. गिऱ्हाईक समोर असलं की मी चहा करणारी.

डोमाभाऊ तेव्हा राइस मिलवाल्या सेठची पांढरी गाडी चालवायचे. वीस वर्षं चालवली. आवाज ऐकून सांगायचे कोणत्या चाकात खडखड आहे. त्यांचा एकच गर्व होता — माझी गाडी कधी टोचन होऊन आली नाही. टोचन म्हणजे दोर बांधून, दुसऱ्या गाडीमागं ओढत. ड्रायव्हर लोकांत ती मोठी नामुष्की. डोमाभाऊ हे मिशीवर हात ठेवून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं, कारण ते खरंच होतं.

अठरा वर्षं झाली. वैशाख होता. त्या गाडीचा पंखा बंद पडला. इंजिनापुढं पाण्याचा रेडिएटर असतो, त्याच्या पाठीशी पंखा. पाणी तापलं की एक सेन्सर पंख्याला उठवतो, निवलं की झोपवतो. तो सेन्सर गेला होता. घरचे सकाळच्या बसनं गोंदियाला गेले, तिथं मिळाला नाही. नागपूरहून येईल म्हणाले, दोन-तीन दिवस. आणि सेठच्या आईला दुसऱ्याच दिवशी राजनांदगावला जायचं होतं, भावाकडे. म्हातारी ऐकेना. मग घरच्यांनी गोंदियाहून फोन केला, तू पंखा डायरेक्ट करून दे, जमेल का?

डायरेक्ट म्हणजे सेन्सरची भानगडच काढून टाकायची. मधे रिले टाकून एक वायर आत आणायची आणि ड्रायव्हरच्या हाताशी बटन द्यायचं. पंखा आता पाण्याच्या मर्जीवर नाही, ड्रायव्हरच्या मर्जीवर. मी म्हटलं, जमते. मला एकटीला मिळालेलं ते पहिलं काम. कसं सांगू, छाती अशी फुगली होती.

आमच्याकडे एक दांडीचं लहान बटन पडलं होतं. त्याच्यासोबत चालू-बंद लिहिलेली पत्र्याची चकती येते, ती कुठं हरवली होती. मी ठरवलं, घरच्या बटनासारखं ठेवू. घरात काय असते? खाली म्हणजे चालू. हाताला सवय असते, विचार करावा लागत नाही. बटन वायरीला लोंबत असतानाच दांडी खाली करून पाहिली, पंखा भरकन फिरला. वर केली, थांबला. डोमाभाऊ समोर उभे होते. मी त्यांना सांगितलं, "घरच्यासारखं आहे भाऊ. खाली म्हणजे चालू." मोकळ्या रस्त्यावर वारा लागते, तिथं वर ठेवा. गाड्यांची रांग लागली, चढ आला, की खाली. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं — खाली चालू, वर बंद. मग म्हणाले, हे चांगलं झालं, इंजिनाला वारा घालायला मला हातपंखाच दिला तुम्ही.

मग मी बटन डॅशबोर्डच्या भोकात बसवायला खाली शिरले. उताणी पडून, डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. तोंडात टॉर्च. नट आवळला. बाहेर आले. पुन्हा चालवून पाहिलं नाही.

का नाही पाहिलं? पाहिलं तर होतं ना एकदा. आणि चुलीवर भात होता. आणि मला फार कौतुक वाटून राहिलं होतं स्वतःचं.

तुम्हाला कळलं असेल. उताणं पडलेल्या माणसाचं खाली म्हणजे बसलेल्या माणसाचं वर. मी बटन उलटं बसवलं होतं.

संध्याकाळी घरचे आले, म्हणाले, झालं? मी म्हटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी डोमाभाऊ निघाले. मोकळ्या रस्त्यावर बटन वर. म्हणजे पंखा फिरून राहिला. काही बिघडलं नाही. देवरीच्या पुढं जंगलात रस्त्याचं काम चालू, ट्रकांची रांग. डोमाभाऊंनी सांगितल्यासारखं बटन खाली केलं, आणि जिथं पंखा पाहिजे तिथंच तो थांबला. बाजूला ट्रक घुरघुरून राहिले, पंखा फिरते की नाही कोणाला ऐकू येते? तापमानाचा काटा त्या गाडीत केव्हाचाच मेलेला. पाऊल पाऊल करत गाडी चालली आणि मग धूर निघाला, इंजिन जाम झालं. सेठची आई, पंच्याहत्तरीची बाई, मोहाच्या झाडाखाली दोन तास बसली. तिला काही झालं नाही. यासाठी मी आजही हात जोडते. काही झालं असतं तर मी कबूल केलं असतं का? — मला माहीत नाही. खरं सांगून राहिले, माहीत नाही.

दुपारी चारला गाडी आमच्या दुकानापुढं आली. एका ट्रकच्या मागं, दोर बांधून. टोचन. डोमाभाऊ स्टेअरिंगवर बसले होते, मान खाली.

सेठ मिलमधून आला, ओरडला, मग घरच्यांसकट सगळे समोरच्या टपरीवर गेले, इंजिनवाल्या मिस्त्रीला बोलवायला. गाडीजवळ मी एकटी. मी आत वाकले. बटन खाली होतं. चावी फिरवली, पंखा गप्प. दांडी वर केली, पंखा भरकन. पुन्हा खाली आणली.

तेवढ्यात मला समजलं. सगळं, एकदम.

आणि मी काय केलं ते आता ऐका. मी उताणी आत शिरले. नट ढिला केला. बटन अर्धं फिरवलं. नट आवळला. बस. या वेळी दांडीला मी हातसुद्धा लावला नाही. पण बटन अर्धं फिरलं की खाली असलेली दांडी वर येते. मी चूक सुधारली, आणि त्याच अर्ध्या फेऱ्यात डोमाभाऊंचं खाली केलेलं बटन वर केलेलं झालं.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. कोणाकडे बोट दाखवलं नाही. नुसता अर्धा फेरा.

मिस्त्री आला. बटन वर बघितलं. खाली केलं, पंखा फिरला. म्हणाला, वायरिंग तर चांगली आहे, बटनच दाबलं नाही. डोमाभाऊ म्हणाले, मी दाबलो होतो. मग त्यांनी बटनाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. सेठनं चावी मागितली. म्हणाला, तुझी उमर झाली, उद्या माझ्या आईला घेऊन गाडी कुठं तरी घालशील. डोमाभाऊंनी गाडीतली चावी काढून दिली. माझ्यापासून चार हातांवर. मी हात पुसत उभी.

तुम्ही म्हणाल, का? एवढंच वाटलं होतं, की म्हणतील बाईच्या हाती दिलं तर असंच होणार. घरच्यांचं नाव जाईल, माझा हात कायमचा चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, जाईल. हे कारण आहे. सफाई नाही.

सेठनं त्यांना मिलच्या फाटकावर बसवलं, फाटक उघडायला; घरचे गेले तोवर तेही काम सुटलं होतं. गाडी सुटली त्याचं एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच शिरलं — आपण केलं म्हणून आठवते ते आपण केलेलंच नसते. वीस वर्षं ज्या हातावर भरवसा होता, त्या हातावरचा भरवसा गेला. पंचफुलाबाई, त्यांची बायको, सांगायची की गॅस बंद केला की नाही बघायला अर्ध्या वाटेतून परत येतात. सायकलसुद्धा सोडली. कुलूप लावलं की त्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणतात, लावलो, लावलो, लावलो. तीनदा. मोहल्ल्यातली पोरं मागं चिडवत जातात, लावलो बाबा आला. ते हसतात.

माझं शटर रोज संध्याकाळी तेच लावतात. रोज मी ते तीनदा ऐकते.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण अजून एक आहे, आणि तेच जास्त वाईट.

घरचे गेल्याला वर्ष झालं होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. डोमाभाऊ बाकावरून उठून आत आले. म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट पुसू का? मले अजूनबी वाटते, मी बटन खालीच केलो होतो. बोटाले आठवते. तुम्हीच बसवल्या होत्या, तुमाले काही समजते का?"

दार उघडून समोर उभं होतं. एक शब्द बोलायचा होता. सेठची गाडी भंगारात गेलेली, घरचे नाहीत, मिस्त्री गाव सोडून गेलेला. माझं कोण काय करणार होतं? आणि ते माझ्यावर आळ घ्यायला आलेच नव्हते. ते फक्त आपल्या बोटाची बाजू घेऊन आले होते.

मी म्हटलं, "होते असं, भाऊ. उमर झाली."

ते म्हणाले, "हो जी. तसंच असन." आणि बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं एक ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला. मी आतून ऐकलं — दे गा बिनधास्त, वहिनीचा हात चुकत नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी ते कधी पुसलं नाही.

लोक म्हणतात मी कामात फार खोड काढते. प्रत्येक बटन बसवल्यावर सीटवर बसून, ड्रायव्हरसारखी बसून, दहादा चालवून बघते. डोमाभाऊ कौतुकानं सांगतात, वहिनीसारखं कोणी बघत नाही. त्यांना माहीत नाही, ते बघणं मी कुठं शिकले.

आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. अजून सकाळी येतात. चार बोरं, मूठभर चारोळी, काही ना काही रुमालात बांधून आणतात, माझ्यापुढं ठेवतात, बाकावर बसतात. मी रोज म्हणते, देवा, आजही आले. इतकं बरं वाटते मला. जिचं सगळं ज्यांनी सांभाळलं, तिनं त्यांचंच असं केलं, आणि तरी त्यांना बघून बरं वाटते. हे कसलं मन म्हणावं?

हा कागद तुमच्या हातात पडायच्या आधी त्यांच्याकडे जाईल. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवीन, सकाळी, चहाच्या आधी. मग ते बसले तर बसले, गेले तर गेले. शटर मी लावीन.

डोमाभाऊ, तुमच्या बोटाला बरोबर आठवते. तुम्ही बटन खालीच केलं होतं.